सदूच्या वाटाण्यांची मोजणी

जाहीर खबर. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या तमाम लहानथोर जनतेस कळविण्यात येते की, बारामतीच्या शाळेतले मराठीचे शिक्षक नाना, वय पंचेचाळीस, आवाज खणखणीत, प्रकृती उत्तम, यांच्यावर भीषण प्रसंग गुदरला आहे. ज्या गृहस्थाचा त्यांनी गेली सात वर्षं, रविवार आणि सणावारांची सुट्टीदेखील न घेता, मनापासून हेवा केला, तो गृहस्थ न सांगता निघून गेला आहे. त्याच्या जागी दुसरा मिळण्याची शक्यता नाही. सबब हेवा आजपासून बेमुदत बंद.

सदू, ही खबर मी तुझ्या दहाव्याला नदीकाठी बसून मनात जुळवली होती. आता कागदावर उतरवून पाहतो तर तीत एक चूक आहे. हेवा बंद झालेला नाही. परवाच्या दुपारपासून तो वाढलाय.

शाळेच्या अंकात तुझ्यावर लिहायचं ठरलं तेव्हा हेडमास्तर आधी दुसऱ्या कुणाला तरी सांगणार होते. परवाच्या प्रकारानंतर त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, “नाना, आता तुम्हीच लिहायचं. शिक्षा समजा.” जन्म, शिक्षण, नोकरी, असं क्रमवार लिहा म्हणाले. ते सगळं शाळेच्या दप्तरात आहे, ज्याला हवं त्यानं तिथं बघावं. मला तुझ्याशी बोलायचंय.

आपल्या दोघांच्या वर्गांमध्ये भिंत नव्हती, बांबूचा तट्ट्या होता. शास्त्र शिकवायला तू नवा आलास त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी पोरांना लढाई सांगत होतो. तलवारीच्या जागी पट्टी, ढालीच्या जागी हजेरीपट, आणि खिंडीच्या जागी दोन बाकांमधली फट. सरदार आता पडणार, इतक्यात मला दिसलं की पोरांचे डोळे माझ्यावर नाहीत, तट्ट्याकडे आहेत. पलीकडून तुझा तो सपाट आवाज येत होता. भाजीवाल्यानं मेथीचा भाव सांगावा तसा.

“आता ह्याचा कान बघा.”

मी सरदाराला तसाच अर्धमेला ठेवून तट्ट्याच्या भोकाला डोळा लावला. तू पुढच्या बाकावरच्या एका पोराचा कान अलगद धरून उभा होतास.

“ह्याचा कान टोचल्याला हाय. बापाचा?”

“टोचल्याला,” पोरगं म्हणालं.

“आज्याचा?”

“टोचल्याला.”

“पणज्याचा?”

“तवा मी न्हवतो, मास्तर.”

वर्ग हसला. तू हसला नाहीस. “लोणी भापकर गावच्या सोनाराच्या घरात ह्योच धंदा हाय, पिढ्यान् पिढ्या. इतक्या पिढ्या आपुन कान टोचतूय, तर एक तरी प्वार भोकं घिऊन जल्माला आलं का? सोनाराचं काम वाचलं आसतं.” मग विचारलंस, “आईच्या हातावर गोंदलंय, त्ये बहिनीच्या हातावर आपसूक उगवलं का?”

“न्हाय,” सगळा वर्ग.

“मंग लिवा. अंगाला भायेरनं जे होतं, त्ये बीजात उतरत न्हाय. बीजात जे हाय, तेवढंच फुडं जातं.”

एवढंच. हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. माझ्या वर्गात मागं वळलो तर माझीच पोरं एकमेकांचे कान चाचपत होती. सदू, आज त्या पोरांना मिशा फुटल्यात. माझ्या लढाईत कोण पडलं ते त्यांच्यातल्या एकाला सांगता यायचं नाही. पण कानाचं विचार, झोपेतून उठून सांगतील.

बरं, हे शाळेत थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. महिन्याभरात ते माझ्या घरात शिरलं. भाकरी वाढताना आमची ही म्हणाली, “सदाशिवभावोजी म्हणतात, नाक आईकडनं येतं तसं बापाकडनंही येतं. आपल्या लेकीचं बसकं नाक तुमच्या घराण्याचं आहे. सासूबाई उगाच माझ्या माहेरावर ढकलत होत्या.” माझ्या घरात, माझ्या पाटावर बसून, माझ्याच नाकाविरुद्धचा पुरावा मी ऐकून घेतला. लग्नाला वीस वर्षं झाली होती. “नाना म्हणतात” असं वाक्य तिच्या तोंडून मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि अजूनही ऐकलेलं नाही.

माळेगावच्या आबांची गोष्ट तुला आठवत असेलच. पण अंक वाचणाऱ्यांना ती ठाऊक नाही. आबा म्हणजे उसाचे बागायतदार, गुऱ्हाळाचे मालक आणि शाळेच्या कमिटीवर वजन असलेला माणूस. त्यांच्या सुनेला मुलगी झाली आणि पोरीचे डोळे निघाले घारे. आबांच्या घरात साऱ्यांचे डोळे काळेभोर, सुनेच्या माहेरीही तसेच. उघड कुणी काही बोललं नाही. पण त्या घरात सुनेशी बोलणं बंद झालं, आणि ते उघड बोलण्यापेक्षा वाईट होतं.

आबांनी पहिल्यांदा बोलावलं ते मला, तुला मी नुसता सोबतीला नेलं. बोलणारा माणूस म्हणून तालुक्यात नाव माझं. मी तिथंच ओसरीवर त्यांच्या सहाव्या-सातव्या पिढीतला एक पूर्वज उभा केला. घाट चढून आलेला, गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा, कमरेला तलवार. घोडासुद्धा दिला त्याला. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “मास्तर, गोष्ट झ्याक हाय. पन त्यो घोडा तुमी आत्ता आनला.”

मग तू माझ्या मागं बसला होतास तो पुढं सरकलास आणि घरातून दोन चिंचोके मागितलेस. चिंचोके. ते फोडून त्यांच्या डाळी केल्यास, पोरं खेळताना करतात तशा. एका अंगाला काळ्या, दुसऱ्या अंगाला पांढऱ्या. दोन डाळी आबांच्या हातात ठेवल्यास.

“आबा, दर गुनाच्या दोन चिठ्ठ्या आसत्यात. एक आईनं दिल्याली, एक बापानं. काळी बाजू म्हंजी काळे डोळे, पांढरी म्हंजी घारे. दोनीतली एक जरी काळी पडली तरी डोळा काळाच दिसतो. काळी वरचढ हाय. पांढरी मरत न्हाय, नुसती दडून ऱ्हाती. आता टाका.”

आबांनी टाकल्या. काळी-काळी. पुन्हा टाकल्या, काळी-पांढरी. मग पांढरी-काळी. पुन्हा एक काळी. सातव्या का आठव्या खेपेला दोन्ही पांढऱ्या पडल्या.

“ह्यी तुमची नात,” तू म्हणालास. “एक पांढरी तुमच्या ल्योकात दडल्याली, एक सुनंत. कितीक पिढ्या दडल्या आसत्याल कुनास ठावं. मानसाचं इतकं सोपं नसतंय, आबा, डोळ्याला आनखीबी भानगडी हायत. पन दडून बसायची रीत हीच.”

आबांनी त्या दोन पांढऱ्या डाळी उचलून मुठीत घेतल्या. मग दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “पोरी, मास्तरास्नी दूध आन.”

सून दूध घेऊन आली. तिनं पेला आधी तुझ्यापुढं ठेवला, मग माझ्यापुढं. तुला यात काही दिसलं नसेल. मला दिसलं.

तिथंच आबा म्हणाले, “ह्ये झालं चिंचोक्याचं. जितं काय दावता का?” तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. जणू सात जन्म तू या प्रश्नाची वाट बघत होतास. “दावतो,” म्हणालास. “कालव्याचं पानी बसनारी चार गुंठं द्या शाळंला. वाटाना लावतो. गावरान वाटाना वाळल्यावर गोल, पुण्याच्या शेतकी कॉलेजातला इलायती वाळल्यावर सुरकुतल्याला. दोघांचं लगीन लावतो. पयल्या साली सुरकुतल्याला गायब. दुसऱ्या साली परत. तीन गोलांमागं एक.”

“आनि न्हाय आला तर?”

“तर तुमचा ऊस लावा.”

असं ठरलं. चार गुंठे म्हणजे आबांच्या शिवारात एक कोपरा. पण हेडमास्तर तुला सारखे सांगत होते की पुस्तकातली आकृती फळ्यावर काढली की धडा झाला, चिखल कशाला हवा. तो कोपरा गेला असता तर तुला पुन्हा फळ्यासमोरच उभं राहावं लागलं असतं. तू फळ्यासमोर किती कंगाल दिसायचास, सदू. मातीत उभा राहिलास की मात्र तुझ्यावरून नजर हलायची नाही.

ते लग्न आपण दोघांनी लावलं, हे मी अंकात नोंदवून ठेवतो. थंडीतली सकाळ. तू वाफ्यात उकिडवा बसून विलायती वाटाण्याची कळी चिमट्यानं उघडलीस आणि आतले पिवळ्या टोकांचे पुंकेसर एकेक करून काढलेस. “वाटान्याचं फूल दार लावूनच आपलं आपन उरकतं,” म्हणालास. “भायेरचं कुनी आत शिरत न्हाय. म्हनून तर ह्ये झाड घेतलं.” मग गावरान फुलातला पराग कोंबडीच्या पिसानं उचलून त्या कळीत लावलास. माझ्यानं राहवलं नाही. मी बांधावर उभा राहून मंगलाष्टकं सुरू केली, घरून खिशात आणलेल्या अक्षता टाकल्या आणि “सावधान” असं म्हणालो की पलीकडच्या उसातले मजूर बघायला आले. एक तांदूळ नेमका कळीत पडला. तो चिमट्यानं काढताना तू इतका हसलास की चिमटा थरथरायला लागला. “नाना,” म्हणालास, “ह्या वाटान्याला भात आला तर तू जबाबदार.” त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला नव्हता. सात वर्षांत असे दिवस पाच-सहा निघतील. त्यातला हा एक.

पहिल्या हंगामाचे दाणे निघाले ते सगळे गोल. आबा म्हणाले, “सुरकुतल्याला गेला कुटं?” तू म्हणालास, “दडलाय. फुडच्या साली यील.” आणि ती सगळी माणसं, आबा, मजूर, पोरं, हेडमास्तरसुद्धा, एक वर्ष थांबायला तयार झाली.

हे तुला कधी कळलं नाही, सदू. मी गोष्टी सांगून जगणारा माणूस. माझी गोष्ट रंगात आली असताना कुणाला पानाची तल्लफ आली तर तो उठून जातो. आणि तू एक मूठ वाटाणे दाखवून म्हणालास, पुढचा भाग पुढच्या वर्षी, आणि तालुका बसून राहिला. रस्त्यात लोक एकमेकांना विचारायचे, “मास्तरचा सुरकुतल्याला आला का?”

आता जे तुला सांगायचं राहिलं ते सांगतो.

दुसऱ्या हंगामाचे दाणे निघाले. तू ते न निवडता पिशवीत भरून शाळेच्या कपाटात ठेवलेस, पोरांनीच मोजायचे म्हणून. कपाटाची एक किल्ली तुझ्याकडे, एक माझ्याकडे. त्या आठवड्याच्या बाजारात मी भुसार विकणाऱ्या बाईपुढं तासभर बसून गावरान वाटाणे निवडले. आकार तुझ्या दाण्यांसारखा, रंग तसाच. बाई म्हणाली, “मास्तर, उसळ करायची का सून निवडायची?” मोजणीच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, कपाट उघडून मी तीन मुठी तुझ्या पिशवीत सोडल्या आणि पिशवी हलवली.

का केलं? त्याचं उत्तर मी बरंच नटवून सांगू शकतो. पण नटवत नाही. एकदा, फक्त एकदा, तुझी गोष्ट पडलेली मला बघायची होती.

मोजणी शाळेच्या ओसरीवर झाली. पोरं सुपं घेऊन बसली. एका सुपात गोल, एका सुपात सुरकुतलेले. आबा खुर्चीवर. मी खांबाला टेकून, हातांची घडी घालून, अगदी सहज. गोल निघाले एक हजार सहा. सुरकुतलेले एकशे अठ्ठ्याण्णव. तिनाला एक यायला हवा होता, आला पाचाला एक.

तू पुन्हा मोजायला लावलंस. आकडा तोच. मग तू उभा राहिलास. मी मनात म्हटलं, आता हा सारवासारव करणार, आणि सारवासारव याला जमत नाही.

“आबा,” तू म्हणालास, “माजं चुकलं. कुटं चुकलं त्ये मला ठावं न्हाय. शोधावं लागंल.” आणि खाली बसलास.

शाळामास्तर, तोही चारचौघांत, पोरांसमोर, “मला ठावं न्हाय” म्हणतो, हे तिथं कुणी जन्मात ऐकलं नव्हतं. मीही ते कधी म्हटलेलं नाही. आबांनी दोन्ही सुपांकडे पाहिलं.

“सुरकुतल्याला परत आला, ह्ये तर दिसतंय,” ते म्हणाले. “मला तेवढंच बघायचं हुतं. ऱ्हायली मोजनी. मास्तर, तुमी रातीत मूठभर हिकडचं तिकडं केलं आसतं तर मला काय कळनार हुतं? त्ये न्हाय केलं. आनखी एक हंगाम घ्या.”

तुझं नाक कापायला गेलो होतो आणि माझ्याच हातांनी तुला पागोटं बांधून आलो. घरी आलो तर आमची ही डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “भावोजींसारखं खरं बोलणारा माणूस मी पाहिला नाही.”

त्यानंतर आपण कालव्याच्या भरावावरून फिरायला जायचो तेव्हा तू एकच विचारायचास. “नाना, कुटं चुकलं आसंल?” मला शंभर वेळा संधी होती, आणि मी शंभर कारणं पुरवली. पोपट. उंदीर. पाण्याची पाळी. शेवटी एकदा मी म्हटलं, “मधमाश्या.” तू थांबलास. “वाटान्याच्या फुलात मधमाशी सहसा शिरत न्हाय,” म्हणालास. दहा पावलं चाललास. “पन सहसा म्हंजी कदीच न्हाय, आसं न्हाय. बघितलं पायजे.” तुझ्या विद्येत तुला जे पक्कं ठाऊक होतं, त्यावर तू माझ्या थापेसाठी शंका घेतलीस.

त्याच वाटेवर आपला तो वाद व्हायचा, जो आता अर्धाच राहिला. माझे वडील कीर्तन करायचे, म्हणून वक्तृत्व माझ्या रक्तात आहे, असं मी म्हणायचो. “गळा बापाचा,” तू म्हणायचास, “गोष्टी तुज्या तू शिकलास. त्या तुज्या लेकीच्या पोटात न्हाईत, शिकवाव्या लागतील.” मी चिडून विचारलं होतं, मग हेवा? हेवा बीजात असतो की बाहेरून लागतो? तू वळून माझ्याकडे नीट बघितलंस आणि म्हणालास, “तुजा तर कसून शिकल्याला दिसतुय.” माझे वडीलही हेवेखोर होते, सदू. हे मी तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर वाद मी जिंकलो असतो.

पहिल्या वर्षीचे अर्धे गोल दाणे तू राखून ठेवले होतेस. ते तू पुन्हा पेरलेस, आणि या खेपेला प्रत्येक वेलाच्या फुलांवर मलमलीची पिशवी. तुझ्या घरी पार्वतीवहिनींनी तुझी दोन जुनी धोतरं फाडून त्या शिवल्या, बोटाएवढ्या, शेकड्यांनी. तू पहाटे ओल्या वाफ्यात उभा राहून त्या बांधायचास. माझ्या मधमाश्यांसाठी. तुला हिवताप भरला तो कालव्याच्या डासांचा, डॉक्टर तसंच म्हणाले, आणि त्या वर्षी निम्म्या गावाला भरला होता. पण त्या वाफ्यात तू का उभा होतास, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं.

तुला इंदापूरला भावाकडे हलवल्यावर मी मोटारीनं आलो होतो. मोटार तीनदा बंद पडली आणि तिन्ही वेळा मला बरं वाटलं. तू घोंगडीत इतका बारीक झाला होतास की आधी मला घोंगडीच दिसली. वाटेत मी सगळी वाक्यं तयार करून आणली होती. तू मला बोलूच दिलं नाहीस.

“वाटाना वाळत आला आसंल. मोजनी तू कर.”

“मी? शास्त्राचं मला काय कळतं?”

“मोजाय शास्तर लागत न्हाय. दुसऱ्या कुनी मोजलं तर आबा म्हंत्याल, मास्तरच्या मायेपोटी मोजलं. तुला माजं बरं बघवत न्हाय, ह्ये समद्या तालुक्याला ठावं हाय. तुज्या मोजनीवर कुनी शक घेनार न्हाय.”

तुला ठाऊक होतं. हेव्याचं ठाऊक होतं, वाटाण्यांचं नाही. मी तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनी पेज घेऊन आल्या, म्हणाल्या, “नानाभावजी, जरा मान धरा त्यांची.” मी मान धरली. तू चार घोट घेतलेस आणि डोळे मिटून घेतलेस. मी परत निघालो. मोटार या वेळी एकदाही बंद पडली नाही.

परवा मोजणी झाली. ओसरी तीच, सुपं तीच. आबा आले. वहिनी इंदापुराहून आल्या आणि दाराशी भिंतीला टेकून बसल्या. शेंगा सोलल्या त्या माझ्यासमोर, आणि सगळ्या पिशव्या माझ्या ताब्यात होत्या. माझ्या ताब्यात, हे वाचून तुला हसू येईल. मी एकेक दाणा बोटांनी सरकवत मोजला. खरं सांगतो, मधेच एकदा वाटलं, चुकावं. एकदा तरी हा चुकावा. गोल नऊशे चव्वेचाळीस. सुरकुतलेले तीनशे आठ. तिनाला एक, वर किंचित.

तू नव्हतास तरी सगळे तुझ्याकडेच बघत होते.

“जमीन शाळंची,” आबा म्हणाले. मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “पन मंग गेल्या साली कशानं बिघडलं?”

पुढचं एक पोरगं उभं राहिलं. “मधमाश्यांनी, आबा. औंदा पिशव्या बांधल्या, बाकी समदं त्येच. म्हंजी मधमाश्याच.”

काय बिनतोड बोललं. तूच शिकवलेलं, एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा. हेडमास्तरांनी मान डोलावली आणि म्हणाले, “लिहून घ्या सगळ्यांनी.” पंचवीस टाक दौतीत बुडाले. वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच किंचित हसल्या. त्यांच्या पिशव्यांनी तुझी मोजणी जुळवली होती. इतक्या दिवसांत त्यांना हाती लागलेली एवढी एकच गोष्ट.

मला गप्प बसायला काय हरकत होती? जमीन राहिली होती. वहिनींना समाधान होतं. तू गेला होतास. मी आयुष्यभर यापेक्षा मोठ्या थापा मारून सुखानं झोपलोय.

पण पोरं लिहीत होती. ‘वाटाण्याच्या फुलात मधमाश्या शिरल्यामुळे’ इथपर्यंत मला त्यांच्या वह्या दिसत होत्या. दार लावून उरकणारं तुझं फूल, त्याचं दार त्या पंचवीस वह्यांत कायमचं उघडं पडत होतं, आणि उद्या हीच पोरं कुठं मास्तर होतील, तर तेच शिकवतील. आणि, सदू, तुझ्यापुढं लपवून काय करू, दुसरंही एक होतं. तालुक्यातली सगळ्यात गाजलेली मोजणी मी एकट्यानं बिघडवली होती, तासभर दाणे निवडून, आणि त्याचं श्रेय चाललं होतं मधमाश्यांना. मला मधमाश्यांचा हेवा वाटला.

कुठलं वाक्य मी जुळवलं नव्हतं. आवाजही माझा वाटला नाही, सपाट होता, भाव सांगितल्यासारखा. वहिनी समोर होत्या, आबा होते, टाक कागदावर चालत होते, आणि मी बोलून गेलो:

“मधमाश्या खोडा रे. त्ये वाटाने मी टाकले हुते.”